सहा सेंटांपासून हजार डॉलरपर्यंत



मुलींच्या एखाद्या जुन्या वसतिगृहाचे छप्पर गळू लागले की पुढे काय होते, हे आपणांस सांगावयास नको. समिती बसते. गवंड्याचा अंदाज वाचला जातो. कौले, वासे, शौचालये, विजेच्या तारा असे करता करता आकडा इतका फुगतो की मंडळीच्या वार्षिक दानातून तो भागणे अशक्य होते. मग कोणीतरी आठवण करून देते की आपल्या माजी विद्यार्थिनी आहेत. वही काढली जाते. कोण डॉक्टर झाली, कोण परदेशी गेली, कोणाचे यजमान मोठ्या हुद्द्यावर आहेत ह्याची उजळणी होते, आणि नावापुढे अपेक्षित रक्कम लिहिली जाते. अशाच एका समितीत काही वर्षांपूर्वी मी बसलो होतो. पंधरा-वीस नावांपुढे मोठमोठे आकडे पडले. उरलेल्या दीडशे नावांपुढील रकाना आम्ही कोरा ठेवला. त्या खेड्यांतील शिक्षिका होत्या, परिचारिका होत्या, पाळकांच्या पत्नी होत्या, विधवा होत्या. रकाना कोरा ठेवण्याची सूचना माझीच होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

पुढे मिस मेरी लायन ह्यांचे चरित्र वाचण्याचा योग आला, आणि त्या कोऱ्या रकान्याची मला लाज वाटली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात साउथ हॅडली ह्या खेड्यात माउंट होल्योक हे मुलींचे विद्यालय व वसतिगृह त्यांनी १८३७ साली उभे केले. त्या काळी स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी कायमस्वरूपी निधी असलेली संस्था जवळजवळ नव्हतीच. हे घर एखाद्या धनिकाने बांधून दिले नाही. ते शेतकऱ्यांच्या बायका, शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया, शाळांतून शिकविणाऱ्या मुली आणि काही थोडे व्यापारी ह्यांच्या वर्गणीतून उभे राहिले. कोण किती देऊ शकेल, ह्याचा अंदाज मिस लायन कसा बांधीत, हे आपण पाहू. त्यासाठी त्यांच्या बालपणापासून सुरुवात केली पाहिजे, कारण तो अंदाज बांधण्यास त्या तेथेच शिकल्या.

मेरी लायन ह्यांचा जन्म २८ फेब्रुवारी १७९७ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात बकलंड येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. जमीन खडकाळ, हिवाळा लांब, आणि घरात लेकरे पुष्कळ. मेरी सहा वर्षांचीही नव्हती तेव्हा, १८०२ च्या डिसेंबरात, वडील वारले. आई जमायमा हिने मुलांना हाताशी धरून ती डोंगरावरची शेती पुढे चालविली. सूत घरी कातायचे, कापड घरी विणायचे, साबण घरी करायचा, अशी ती राहणी होती. रोख पैसा त्या घरात क्वचित दिसे. पण आल्यागेल्यास भाकर मिळे आणि शेजारच्या आजाऱ्यास बागेतील काही ना काही पोहोचे. ज्या घरात पैसा नाही त्या घरात देणे असूच शकत नाही, हा समज मेरीला लहानपणी कोणी शिकविलाच नाही.

मेरी तेरा वर्षांची असताना आईने पुनर्विवाह केला आणि ती दुसऱ्या गावी गेली. शेत थोरल्या भावाकडे आले. मेरी त्याचे घर सांभाळू लागली, आणि भाऊ तिला त्याबद्दल आठवड्याला एक डॉलर देई. बहिणीच्या घरकामाला भावाने मोल द्यावे, ही गोष्ट आपल्याकडे आजही नवलाची वाटेल. ते डॉलर मेरीने शिक्षणासाठी साठविले. सतराव्या वर्षी, १८१४ साली, शेलबर्न फॉल्स येथील शाळेत तिला शिक्षिकेची जागा मिळाली. वेतन आठवड्याला पंचाहत्तर सेंट, आणि जेवणखाण विद्यार्थ्यांच्या घरी पाळीपाळीने. पुरुष शिक्षकास ह्याच्या कितीतरी पट मिळे. ह्या पाळीच्या जेवणांचा उपयोग तिला पुढे झाला, असे मला वाटते. कोणत्या घरात कोणाच्या शब्दाने पैसा निघतो, कोणते घर बाहेरून भव्य आणि आतून हिशेबी आहे, हे पाहुण्याला एका दिवसात कळत नाही. पण आठवडाभर त्याच ताटावर बसणाऱ्या शिक्षिकेला ते कळते.

पुढची काही वर्षे शिकणे आणि शिकविणे ह्यांच्या येरझाऱ्यांत गेली. थोडे पैसे साठले की शिकावयास जायचे, संपले की शिकवावयास परतायचे. १८१७ साली ती ॲशफील्डच्या सँडरसन ॲकॅडमीत दाखल झाली. तेथील राहण्याजेवणाचा खर्च तिने स्वतः विणलेली पांघरुणे देऊन भागविला. लॅटिन व्याकरणाचे अख्खे पुस्तक तिने तीन-चार दिवसांत पाठ केल्याची कथा तिच्या सोबतिणी आयुष्यभर सांगत असत. हिब्रू आणि ग्रीक व्याकरणांशी माझा स्वतःचा जो अनुभव आहे, तो लक्षात घेता ह्या कथेवर विश्वास ठेवणे मला जड जाते. पण त्या मुलीची भूक कशी होती, हे त्यातून कळते.

१८२१ साली मिस लायन बायफील्ड येथे रेव्हरंड जोसेफ इमर्सन ह्यांच्या विद्यालयात गेल्या. स्त्रीची बुद्धी पुरुषाच्या बुद्धीइतकीच गंभीर विषय पेलू शकते, असे मानून शिकविणारे ते गुरू होते. पुढच्या वर्षी त्यांनी बकलंडच्या मंडळीत आपल्या विश्वासाची जाहीर कबुली दिली. बायफील्ड येथेच त्यांची मिस झिल्पा ग्रँट ह्यांच्याशी मैत्री झाली. १८२४ पासून दोघींनी मिळून प्रथम न्यू हॅम्पशायर राज्यातील ॲडम्स फीमेल ॲकॅडमी आणि १८२८ पासून मॅसॅच्युसेट्सच्या समुद्रकिनाऱ्याजवळील इप्सविच येथील मुलींचे विद्यालय चालविले. हिवाळ्यात मात्र काही वर्षे मिस लायन आपल्या डोंगराकडे परतत आणि बकलंड व ॲशफील्ड येथे अगदी अल्प फी घेऊन शेतकऱ्यांच्या मुलींचे वर्ग भरवीत. ह्या मुली शिकून आसपासच्या खेड्यांत शिक्षिका होत. शिक्षण घेऊन गावोगावी विखुरलेल्या ह्या माजी विद्यार्थिनी, वाचकहो, आपण लक्षात ठेवा.

इप्सविचच्या विद्यालयाचा लौकिक मोठा होता, परंतु त्याच्या पायाखाली जमीन नव्हती. इमारत भाड्याची, निधी काही नाही, आणि फी इतकी की डोंगरातल्या मुलींना ती झेपत नसे. मुख्याध्यापिका आजारी पडली वा निवर्तली तर सर्व संपले, अशी स्थिती. मुलांच्या महाविद्यालयांना निधी असे, विश्वस्त असत, पिढ्यानुपिढ्या टिकण्याची हमी असे. ती हमी मुलींच्या शाळेसही मिळावी म्हणून मिस ग्रँट व मिस लायन ह्यांनी १८३१ च्या सुमारास प्रयत्न आरंभिला. प्रतिष्ठित गृहस्थांना पत्रके पाठविली, धनवानांना विनंत्या केल्या. १८३३ पर्यंत तो प्रयत्न पार थंडावला होता. कोणी विरोध केला असे फारसे नाही. लोकांनी ऐकून घेतले, मान डोलाविली आणि विषय बाजूस सारला.

ह्या अपयशातून मिस लायन ह्यांनी काढलेला निष्कर्ष त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, असे मी समजतो. दुसरा कोणीही म्हणाला असता की लोकांना स्त्रीशिक्षणाची कळकळ नाही. मिस लायन ह्यांनी असे ठरविले की आपण चुकीच्या दारावर थाप मारली. श्रीमंत घरची मुलगी ह्या ना त्या मार्गाने शिकणारच होती, त्यामुळे तिच्या वडिलांना ह्या संस्थेची निकड भासण्याचे कारण नव्हते. निकड होती ती मध्यम स्थितीतील शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, खेड्यातील पाळकाच्या घरी. तेव्हा पैसाही तेथूनच यावयाचा. एका मोठ्या रकमेऐवजी हजारो लहान रकमा, आणि त्याही अशा लोकांकडून की ज्यांच्या मुली ह्या घराच्या पायऱ्या चढतील.

१८३४ च्या उन्हाळ्यात त्यांनी कामास सुरुवात केली, आणि प्रथम त्या परक्यांकडे गेल्या नाहीत. इप्सविचच्या शाळेतील सहशिक्षिका, शिकत असलेल्या मुली, शिकून गेलेल्या मुली आणि गावातील गृहिणी ह्यांच्यापासून त्यांनी आरंभ केला. हेतू मर्यादित होता: हजार डॉलर. त्यातून फक्त प्रवास, टपाल, छपाई व प्रचारकाचे वेतन असा प्रारंभीचा खर्च भागवावयाचा. त्यामुळे पुढे जो कोणी इमारतीसाठी पैसे देईल, त्याचा प्रत्येक सेंट विटांतच जाईल अशी ग्वाही देता येणार होती. आपल्याकडील किती निधी-समित्या हा भेद पाळतात, हे मी विचारीत नाही.

इप्सविचमध्ये त्या घरोघर गेल्या. स्वयंपाकघरात जाऊन घरच्या बाईशी बोलल्या. एखाद्या बाईने हळूच सांगावे की पैसा यजमानांच्या हाती, माझ्याजवळ काय आहे. त्यावर मिस लायन तिला शांतपणे विचारीत की घरात नवी शाल हवी झाली, बैठकीसाठी नवे मेज हवे झाले, तर ते पैसे कोण व कसे मिळविते. उत्तर दोघींनाही ठाऊक असे. जी बाई शालीसाठी पाच-दहा डॉलर निघतील अशी युक्ती करू शकते, ती ह्या कार्यासाठीही करू शकते, एवढेच त्यांचे म्हणणे. बाईच्या देण्याच्या शक्तीचे मोजमाप त्यांनी तिच्या नावावरील मिळकतीवरून केले नाही. तिची इच्छा झाल्यावर घरातून काय निघू शकते, त्यावरून केले. अर्थात इच्छा होण्यासाठी त्यांनी नकाशे मांडले, खर्चाचे कागद दाखविले, आणि जिच्यासाठी हे चालले होते त्या मुलीचे चित्र तिच्यापुढे उभे केले. दोन महिन्यांच्या आत जवळजवळ हजार डॉलर जमले, आणि ते बहुतांशी स्त्रियांच्या हातून आले. त्याच वर्षी ६ सप्टेंबर रोजी इप्सविच येथे काही गृहस्थांची बैठक होऊन पुढील कार्यासाठी समिती नेमली गेली. समितीत सर्व पुरुष होते. त्या काळाची रीत तशीच होती, आणि मिस लायन ह्यांनी ती हेतुपुरस्सर पाळली; पण त्या पुरुषांच्या टेबलावर स्त्रियांचे हजार डॉलर आधी ठेवलेले होते.

ह्या अंदाजात त्या कधी चुकल्याच नाहीत असे नाही. एकदा एका फार संपन्न कुटुंबाकडे त्या मोठ्या आशेने निघाल्या. तेथे जाण्यात अर्थ नाही असे त्यांना कोणी सुचविलेही होते. घर देखणे होते, सामान उंची होते, माणसांची वस्त्रे मोलाची होती. त्या रिकाम्या हाताने परतल्या, आणि त्या घरातील सर्व काही मोठे आहे, माणसे तेवढी लहान आहेत, अशा अर्थाचे काहीसे बोलून गेल्या. त्यांच्या तोंडून कोणाविषयी निघालेले हे एक कडवट वाक्य चरित्रकारांनी नोंदविले आहे.

येथे भाषांतराच्या मेजावरील दोन गोष्टी सांगण्याचा मोह आवरत नाही. मंदिरातील दानपेटीपुढे आलेल्या गरीब विधवेची नाणी आपल्या मराठी शास्त्रात टोल्या ह्या शब्दाने आली आहेत. टोली म्हणजे किती, हे आज कोणी सांगू शकत नाही, आणि म्हणून तो शब्द बदलावा असे पुष्कळांचे म्हणणे असते. मला मात्र ते अडाणी वाटणारे नाणे तसेच राहावे असे वाटते. त्या बाईच्या दानाची किंमत बाजारात कोणालाच सांगता आली नसती. दुसरी गोष्ट करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायातील. मासेदोनियाच्या मंडळ्या अत्यंत दारिद्र्यात असूनही देण्यात पुढे होत्या, असे पौल लिहितो, आणि तेथे जो ग्रीक शब्द वापरतो त्याचा मूळ अर्थ सरळपणा, मनात दुसरा पदर नसणे असा आहे. उदारता हा त्याचा पुढचा अर्थ. मराठीत औदार्य म्हटले की श्रीमंताचे चित्र डोळ्यांपुढे येते आणि तो सरळपणा हरवतो. इप्सविचच्या स्वयंपाकघरांत मिस लायन शोधीत होत्या तो हाच सरळपणा.

यानंतरची तीन वर्षे प्रवासात गेली. रेव्हरंड रॉसवेल हॉक्स हे वेतनी प्रचारक म्हणून गावोगाव फिरू लागले आणि मिस लायन स्वतःही निघाल्या. हातात एक हिरवी मखमली पिशवी असे. तीत आराखडे, पत्रके आणि वर्गणीचे पैसे. टपालगाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशीही त्या ह्या घराविषयी बोलत. स्त्रीने एकटीने फिरावे, परपुरुषांशी बोलावे, पैसे मागावे, हे तेव्हाच्या भल्या समाजास रुचले नाही. मित्रांनी त्यांना घरी बसण्याचा सल्ला दिला. मिस लायन ह्यांना टीका बोचत नव्हती असे नाही. पण आपली प्रतिष्ठा आणि त्या मुलींचे घर ह्यांतून एक निवडावयाचे आहे, हे त्यांना स्पष्ट दिसत होते.

जागेसाठी तीन गावांत चुरस लागली. १८३५ च्या जानेवारीत साउथ हॅडलीची निवड झाली. त्या गावाने आठ हजार डॉलरची हमी घेतली होती. नावाचा प्रश्न मात्र गमतीचा ठरला. ॲमहर्स्टचे प्राध्यापक एडवर्ड हिचकॉक, ज्यांच्या घरी मिस लायन काही काळ राहून विज्ञानाचा अभ्यास करीत होत्या, त्यांनी स्त्रीच्या सर्व शक्तींचा विकास करणारे अशा अर्थाचे एक लांबलचक ग्रीक नाव घडविले: पँगिनॅस्कियन. वर्तमानपत्रांनी त्याची मनसोक्त थट्टा केली. शेवटी जवळच्या डोंगराचे साधे नाव घेण्यात आले. आपल्या संस्थांना संस्कृतप्रचुर नावे देणाऱ्यांनी ह्या प्राध्यापकांचे स्मरण ठेवावे. फेब्रुवारी १८३६ मध्ये राज्याची सनद मिळाली. त्या वेळी राज्याचे गव्हर्नर एडवर्ड एव्हरेट हे होते. हे नाव पुढे एकदा आपल्या कामी येईल. ३ ऑक्टोबर १८३६ रोजी कोनशिला बसली. बांधकाम चालू असताना एकदा भिंत कोसळली. गवंडी नेमके न्याहारीस गेले होते, कोणास इजा झाली नाही. खर्च वाढला म्हणून विश्वस्त चिंतेत असताना मिस लायन माणसे वाचल्याच्या आनंदात होत्या.

आणि मग १८३७ साल उजाडले. त्या वसंतात अमेरिकेत बँका बंद पडल्या, व्यापार बसला, आणि वर्गणीच्या वहीतील कित्येक सह्या नुसत्या सह्याच राहिल्या. मोठ्या आकड्यांवर उभारलेली योजना त्या वर्षी कोसळली असती. हिचा भार पुष्कळ लहान खांद्यांवर विभागलेला असल्यामुळे ती लंगडली, पण पडली नाही. ह्या काळातील एक हकिकत चरित्रकार सांगतात. दोन अविवाहित बहिणींनी प्रत्येकी शंभर डॉलर देण्याचे वचन दिले होते. वचन पुरे करण्याची वेळ येण्यापूर्वीच त्यांची सर्व मिळकत बुडाली. त्यांना वचनातून मोकळे करावयास कोणीही तयार झाले असते. त्या दोघींनी स्वतःच्या हातांनी काम करून दोनशे डॉलर मिळविले आणि भरले. माझ्या समितीच्या वहीत त्यांची नावे असती तर मिळकत बुडाल्याचे कळताच मी त्यांच्यापुढील आकडा खोडला असता.

इमारतीचा पैसा आणि खोल्यांच्या सामानाचा पैसा मिस लायन ह्यांनी वेगळा ठेवला होता, आणि ह्यात त्यांचे व्यवहारज्ञान फार चांगले दिसते. विटांसाठी समितीने मागावे. सामानासाठी त्यांनी गावोगावच्या स्त्रियांकडे, त्यांच्या शिवणमंडळांकडे पाहिले. एकेका गावाने एकेक खोली सजवावी. पन्नास-साठ डॉलर लागत. एकट्या बाईस ही रक्कम डोंगराएवढी, पण मंडळीतील शिवणमंडळास हिवाळाभराच्या कामात साधण्यासारखी. शिवाय खोलीत खाट, मेज, खुर्ची कोणती आली हे त्या स्त्रियांना ठाऊक असे. मुलींनीही चादरी, टॉवेल, चमचे घरून आणावयाचे होते.

८ नोव्हेंबर १८३७ रोजी दारे उघडली. चार मजली विटांचे घर उभे होते, पण सर्व तयारी झालेली नव्हती. पुष्कळ सामान यावयाचे होते. बोस्टनचे व्यापारी डीकन सॅफर्ड कोट काढून गुडघ्यांवर बसले होते आणि जमिनीवर चटई ठोकीत होते; त्यांची पत्नी भांडी धुवीत होती. हजार डॉलर देणाऱ्यांपैकी ते होते. दूरदूरहून गाड्यांतून आलेल्या ऐंशी मुलींना ह्या मंडळींनी आत घेतले. पुढे हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की सुरुवातीचे सुमारे २७,००० डॉलर १,८०० हून अधिक माणसांनी, नव्वदएक गावांतून दिले होते. सर्वांत मोठी वर्गणी हजार डॉलरची, सर्वांत लहान सहा सेंटांची. सहा सेंट देणाऱ्यांची नोंदही वहीत तशीच होती.

वाचकहो, मोठ्या माणसांच्या चरित्रात दोष न सांगण्याची आपल्या मासिकांतील प्रथा मला मान्य नाही. वर्षाची फी राहण्याजेवणासह साठ डॉलर एवढी कमी ठेवण्यासाठी मिस लायन ह्यांनी घरकाम मुलींवर सोपविले आणि शिक्षिकांचे वेतन फार कमी ठेवले. स्वतः त्या वर्षाला दोनशे डॉलर घेत, आणि त्यातीलही मोठा वाटा मिशनकार्यास देत. त्या काळच्या दुसऱ्या थोर शिक्षिका कॅथरीन बीचर ह्यांनी ह्या अल्प वेतनास आक्षेप घेतला: स्त्रियांच्या सेवाभावावर संस्था चालवू लागलो तर शिकविणे हा स्त्रीचा मानाचा व्यवसाय कधीच होणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बीचरबाईंचे बरोबर होते, असे मला वाटते. आपल्या संस्थांतून सेवा ह्या शब्दाखाली परिचारिकांना व शिक्षिकांना काय मिळत आले आहे, हे आपण जाणतोच. मिस लायन ह्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की जे ओझे त्यांनी इतरांवर ठेवले, ते स्वतः आधी उचलले, आणि वाचलेला पैसा गरीब मुलीच्या फीमध्येच गेला.

त्या घरातून बाहेर पडलेल्या मुली जगभर गेल्या. फिडेलिया फिस्क १८४३ साली इराणात उर्मिया येथे गेल्या व तेथे त्यांनी मुलींची शाळा ह्याच नमुन्यावर चालविली. आपल्याला जवळचे नाव मात्र ॲबिगेल मूर ह्यांचे आहे. त्या मिस लायन ह्यांच्या भाची, त्यांच्याच विद्यार्थिनी, नंतर सहकारी शिक्षिका आणि संस्थेच्या कारभारातील उजवा हात. १८४६ साली त्यांनी अहमदनगरचे मिशनरी एबेनेझर बर्जेस ह्यांच्याशी विवाह केला आणि त्या महाराष्ट्रात आल्या. हे बर्जेस म्हणजे सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर करणारे, जे १८६० साली प्रसिद्ध झाले. ज्या अमेरिकन बोर्डाने त्यांना पाठविले, त्याच बोर्डाचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस पोहोचले होते, आणि हॉलही पश्चिम मॅसॅच्युसेट्सच्याच डोंगराळ भागातले. माउंट होल्योकच्या मुली दरवर्षी मिशनसाठी जी वर्गणी काढीत, ती ह्या बोर्डाकडे जाई. भाचीला निरोप देताना मिस लायन पन्नाशीला टेकल्या होत्या, प्रकृती खालावली होती, आणि संस्थेचा भार वाटून घेणारे माणूस त्या स्वतःच्या हाताने दूर पाठवीत होत्या. त्यांनी ॲबिगेल ह्यांना थांबविले नाही. मामी-मावश्यांनी भाच्यांना किती धरून ठेवावे, हे ज्या त्या घराने ठरवावे. पण ह्या मावशीच्या वहीत देण्याचा एक रकाना हाही होता.

आता एडवर्ड एव्हरेट ह्यांच्या नावाकडे परतू. माउंट होल्योकची दारे उघडली त्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, डिसेंबर १८८७ मध्ये, त्याच राज्याच्या बोस्टन शहरी अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष होते एडवर्ड एव्हरेट हेल, गव्हर्नर एव्हरेट ह्यांचे भाचे. आपल्या पंडिता रमाबाईंनी विधवांच्या घरासाठी जी योजना अमेरिकन स्त्रियांपुढे मांडली, ती आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे: ठिकठिकाणी रमाबाई मंडळे स्थापावी आणि प्रत्येक सभासदाने दहा वर्षे वर्षाला निदान एक डॉलर द्यावा. रमाबाईंनी मिस लायन ह्यांचे अनुकरण केले असे मला म्हणावयाचे नाही. परंतु ज्या स्त्रियांच्या आज्यांनी शालीच्या पैशांतून एक घर बांधले होते, त्या प्रदेशात डॉलर-डॉलरने घर बांधण्याची गोष्ट कोणाला अशक्य वाटली नसावी.

१८४९ च्या हिवाळ्यात विद्यालयात एक मुलगी त्वचेच्या एका संसर्गजन्य ज्वराने आजारी पडली. घाबरलेल्या मुलींना धीर देत मिस लायन तिच्या शुश्रूषेत राहिल्या आणि स्वतः त्याच रोगाने खिळल्या. ५ मार्च १८४९ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. विद्यालयाच्या आवारातच त्यांची कबर आहे.

त्यांनी बांधलेली इमारत २७ सप्टेंबर १८९६ रोजी आगीत भस्म झाली. त्या वेळेपर्यंत विद्यालयाचे महाविद्यालय झाले होते, आणि माजी विद्यार्थिनींची संघटना स्थापन होऊन चोवीस वर्षे लोटली होती. नव्या इमारती लगोलग उठल्या. त्यांतील मुख्य इमारतीस १८९७ साली मेरी लायन ह्यांचे नाव देण्यात आले. सहा सेंटांनी घेतलेल्या विटा त्या राखेत कोठे गेल्या, हे कोणी शोधण्याचे कारण उरले नाही.

आमच्या समितीची बैठक पुन्हा भरली तेव्हा मी ती वही मागून घेतली. मोठे आकडे पडलेल्या नावांपैकी पाच जणींची उत्तरे आली होती. कोऱ्या रकान्यांतल्या दीडशे जणींना पत्रेच गेली नव्हती. त्यांचे पत्ते गोळा करण्यास आम्हाला पुढे सात महिने लागले, कारण त्या कोठे आहेत हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलेच नव्हते.